बिनठिपक्याचं फुलपाखरू

ताईची नजर मधोमध गेली होती. कडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं. उंचावरच्या रानात राहणाऱ्या एका फुलपाखराचा अभ्यास करण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. "एकदा शेवटचं जाऊन येऊ," ती म्हणाली.

तिची धाकटी बहीण चिमी बायकांचे कपडे शिवायची. त्या फुलपाखराच्या नावाने तिने आजवर बोटंच मोडली होती. तरी दुकानाला कुलूप लावून ती ताईबरोबर निघाली.

दोघी जंगलातल्या चौकीत उतरल्या. सकाळी धुकं विरलं आणि ओढ्याकाठी एक फुलपाखरू येऊन बसलं.

"सांग लवकर!" ताईने चिमीचा दंड धरला.

"काळी मखमल, त्यावर निळा पट्टा. टोकाला पांढरा ठिपका."

ताईची पकड सैल पडली. "हे खालच्या सपाटीवरचं. उकाडा वाढला तसं वर सरकलंय. आपलं बिनठिपक्याचं."

चिमीने जीभ चावली. ठिपका गिळला असता तर काय बिघडलं असतं!

दिवसभर ठिपकेवालीच आली. "घरी चल," ताई म्हणाली. "संपलं असेल ते."

"वरच्या टोकाला झाडी आहे की."

"माझे गुडघे नाही म्हणतात."

"माझे कुठे म्हणतात?"

दुसऱ्या दिवशी वनरक्षकाला वाट विचारून चिमी एकटीच चढली. धापा टाकत, रानाला शिव्या घालत. दुपारी उतरली ती जवळजवळ धावतच.

"दिसलं! एकच होतं. ठिपका नाही!"

ताईचा चेहरा उजळला नाही. "चिमे, माझी समजूत काढतेस ना?"

"तुझी शपथ!"

"बसलं कसं?"

"बुंध्यावर टेकलं आणि गर्रकन फिरून डोकं खाली केलं. मला वाटलं पडतंय, म्हणून धरायला गेले, तर उडालं मेलं!"

ताई पुढे सरकली. त्या बिनठिपक्याच्या फुलपाखराची ही खोड तिने चिमीला सांगितली नव्हती. चिमीने कधी ऐकूनच घेतलं नव्हतं.

"पंख?" तिने विचारलं.

"एक कडेला उसवलाय. पण उडतंय झोकात."

ताईने डोळे पुसले, चाचपत चिमीचा हात शोधला आणि तिला शेजारी बसवलं. "आता सावकाश सांग," ती म्हणाली. "चढण लागली तिथपासून."