कागदावरचं ‘नाही’

क्रेनवर चढायची शिडी उभी होती, आणि दर सहा मीटरवर उभं राहण्यापुरती एक जाळी. एकोणीस वर्षं तो अशा शिड्या चढत आला होता. पूर्वी वाटेत दोनदा दम खायचा. यंदा प्रत्येक जाळीवर थांबायला लागला. खालून वॉकीटॉकीवर इशारे देणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. तो रोज चिडवायचा, “सावकाश जा रे. वर जायची घाई करू नये माणसानं.”

तो हसून सोडून द्यायचा. पंचेचाळिशी आली, पोट सुटलंय, म्हणायचा. संध्याकाळी पाय सुजायचे, मोज्यांचे वळ उठायचे. दिवसभर केबिनमध्ये बसून होत असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

मग एके दिवशी सळयांचा भारा अकराव्या मजल्यावर टांगलेला असताना त्याच्या छातीत फडफड सुरू झाली. डोळ्यांपुढे अंधारी आली. दांड्यावरचा हात त्यानं हलू दिला नाही, एवढंच त्याच्या हातात होतं.

“काय झालं?” मास्तरचा आवाज आला.

“वारा आहे.”

“खाली तर पान हलत नाहीये.”

भारा त्यानं नीट उतरवला. शिडी उतरायला मात्र अर्धा तास लागला. मास्तरनं त्याला बाजूला घेतलं. “उद्या डॉक्टरकडे गेला नाहीस तर मी साहेबांना सांगणार. तुझ्या भाऱ्याखाली माणसं असतात. त्यात मीही असतो.”

हृदयाच्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. आत जाण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. त्याची बायको गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतायची. तिचं अक्षर चांगलं, म्हणून घरातले सगळे फॉर्म तीच भरायची. तंबाखू? नाही. दारू? क्वचित. अमली पदार्थ, सध्या किंवा पूर्वी? “हे पण विचारतात होय,” असं म्हणत, त्याच्याकडे न बघताच तिनं ‘नाही’ लिहिलं. तो शेजारीच बसला होता. आत डॉक्टरांनी तेच पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या तोंडानं ‘नाही’ म्हटलं.

खरं वेगळं होतं. तेविसाव्या वर्षापासून चार वर्षं तो नाचाच्या कार्यक्रमांना स्पीकर उचलायचा, वायरी ओढायचा. तिथल्या पाच जणांचा कंपू जमला. शुक्रवारपासून रविवारपर्यंत पांढरी पूड चालायची, कधी गोळ्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मजा यायची, म्हणून घ्यायचा. एकदा हृदय इतकं धडधडलं, की तो तासभर न्हाणीघराच्या गार फरशीवर पडून राहिला. आणि मग उठून पुन्हा नाचायला गेला. पुढे ती कंपनी बंद पडली, पाचही जण पांगले, तो क्रेनच्या कामाला लागला. वर्षभरानं बायको भेटली. सुटलं ते सुटलं, आता कशाला उकरून काढायचं, असं म्हणत अठरा वर्षं निघून गेली.

सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला. “तुमचं हृदय जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं, त्याच्या जेमतेम निम्मं ढकलतंय. रक्तवाहिन्या साफ आहेत. बीपी नाही, साखर नाही. स्नायू का कमजोर झाला, ते सापडत नाही. अशा वेळी आम्हाला घराण्यातला दोष धरून चालावं लागतं. मुलं आहेत?”

“एकच मुलगी,” बायको म्हणाली. “पंधराची. आठशे मीटर पळते.”

“तिची तपासणी होईपर्यंत पळणं बंद.”

त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

तपासणीची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. शर्यत चार आठवड्यांवर होती. मुलीनं काही आदळआपट केली नाही. बूट धुऊन खोक्यात ठेवले. पण ती घरचा जिनाही जपून चढायला लागली, जेवताना मधेच मानेवर दोन बोटं ठेवून मोजायला लागली. एकदा तिनं विचारलं, “बाबा, तुम्हाला पण माझ्या वयात असं व्हायचं?”

“कसं?”

“एखादा ठोका चुकल्यासारखं.”

इकडे बायकोनं त्याच्या नातेवाइकांना फोन लावायचा सपाटा लावला होता. त्याच्या आत्याला, चुलतभावाला. घराण्यात कुणी अचानक गेलं होतं का, कुणाला धाप लागायची का. “तुमच्या वडिलांचं नक्की काय झालं होतं?” तिनं विचारलं. वडील अपघातात गेले होते, हे तिला माहीत होतं. तरी विचारलं. बापाच्या नावावर आपण आपलं पाप लोटतोय, हे त्याच्या ध्यानात आलं.

त्या रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेली, तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन बसला.

“माझ्या घराण्यात काही नाही,” तो म्हणाला. “मी घेतलंय.”

“काय घेतलंय?”

“पूड. नशेची. चार वर्षं. तू भेटायच्या आधी.”

ती हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली, उलगडत राहिली.

“मी ‘नाही’ लिहिलं तेव्हा तुम्ही शेजारी होतात.”

“हो.”

“तीन आठवडे पोरगी आजारी माणसासारखी चालतेय.”

“मला लाज वाटली.”

“तिच्यापुढे?”

“तुझ्यापुढे.”

“मग आता काय वाटतंय?” तिनं विचारलं. उत्तरासाठी ती थांबली नाही. गॅलरीत गेली आणि वाळलेले कपडे काढू लागली.

मुलीला त्यानं स्वतःच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “म्हणजे मी पळू शकते?”

त्याला वाटलं होतं, हो. निदान एवढं तरी आपल्या कबुलीतून निघेल. पण डॉक्टरांना जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. “पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं तुम्ही.”

“त्यानंच झालं का हे?”

“असू शकेल. तेव्हा स्नायूला मार बसला असेल, तुम्हाला कळलंही नसेल. किंवा दुसरंच काही असेल. इतक्या वर्षांनी छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही.”

“आणि मुलगी?”

“तिची तपासणी करावीच लागेल. तुम्ही सांगितलंत म्हणून शंका कमी झाली. गेली नाही.”

शर्यतीच्या दिवशी मुलगी दार लावून खोलीत बसून राहिली. पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. हृदय चांगलं निघालं, तरी दर काही वर्षांनी तपासायला सांगितलं. ती पुन्हा पळायला लागली. मात्र धापा टाकत घरी आली, की आधी आईकडे बघायची, बापाकडे नाही.

त्याचं वर चढणं कायमचं बंद झालं. आता तो खाली गोदामात दोर आणि सुरक्षापट्टे देतो-घेतो. गोळ्यांनी थोडा फरक पडलाय. डॉक्टर म्हणतात, एवढ्यावर टिकलं तरी पुष्कळ. बायको गोळ्या वेळेवर हातावर ठेवते. त्या देताना पूर्वीसारखी टोमणा मारत नाही, थट्टा करत नाही. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटतं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं. तेव्हाचे सोबती सापडले तर त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. महिनाभर खटपट करून त्याला दोघांचे नंबर मिळाले. पहिला फोन त्या मित्राच्या बायकोनं उचलला. “ते दोन वर्षांमागे गेले,” ती म्हणाली. “झोपेतच. तुम्ही कोण?” जुना मित्र, एवढंच त्याला सांगता आलं.

दुसरा स्वतः बोलला. आधी ओळख पटेना, मग मोठ्यानं हसला. “अरे, मी ठणठणीत आहे. रोज पोहतो. तू म्हातारा झालास.”

“एकदा दाखवून तर ये.”

“बघू रे. गिऱ्हाईक आलंय, ठेवतो.”

त्यानं फोन गॅलरीतल्या बाकावर ठेवला. बायको आतून सगळं ऐकत होती. ती दाराशी आली.

“काय म्हणाला?”

“हसला.”

ती तिथेच चौकटीला टेकून उभी राहिली. “उद्या परत लावा,” ती म्हणाली. “नाही ऐकलं तर मला द्या. मी बोलते.”