मागच्या खोल्यांतली भाची

सर्व्हे दसऱ्याच्या आधी झाला. नगरपंचायतीने बांधलेली चाळीस घरं कमी भाड्याने द्यायची होती. ज्यांचं स्वतःचं घर कुठेच नाही, अशा भाडेकरूंनाच ती मिळणार होती.

"मागच्या खोल्यांत कोण राहतं?" सर्व्हेला आलेल्या स्वप्नालीने अंगणात उभं राहून विचारलं.

केशरबाई ज्वारी पाखडत होत्या. "भाची हाय माझी. मनिषा."

"भाडं किती देते?"

"भाचीकडून भाडं घेतंय व्हय कुणी?"

स्वप्नालीने 'नातेवाईक' लिहिलं आणि ती पुढच्या दाराला गेली. मनिषा तेव्हा टेलरच्या दुकानात होती, तिचा नवरा सत्यम ट्रॅक्टरच्या गॅरेजवर.

हे उत्तर गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. भाडेकरू कागदावर आला की कूळ लागतं, असं केशरबाईंचे यजमान अर्जुनराव कायम सांगत. त्यांच्या वडिलांचं नऊ एकर रान तसंच गेलं होतं. शिवाय केशरबाईंना ते अगदीच खोटं वाटलं नव्हतं. मनिषाच्या धाकटीच्या वेळी डिंकाचे लाडू त्यांनीच वळले होते.

दिवाळीनंतर अर्जुनरावांनी त्या खोल्या पाडून गाळे काढायचं ठरवलं. मनिषाला महिनाअखेरची मुदत दिली. त्याच आठवड्यात घरांची यादी लागली.

"मावशी, आमचं नाव न्हाई," मनिषा म्हणाली. "काकांनीच सांगितलं असंल, पाव्हणे हायेत म्हणून."

केशरबाईंनी चुलीवरच्या चहाकडे पाहिलं. "त्यांचं काय सांगावं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर भिंतीपलीकडून मनिषाचं बोलणं रोज ऐकू येई. म्हाताऱ्याचं वाटोळं व्हावं, गाळ्यात कुत्रं बसावं. समोर आला की ती तोंड फिरवी.

"ही पोरगी कावून रुसली?" अर्जुनरावांनी जेवताना विचारलं.

"घर सुटायलंय तिचं. नाचंल का?" केशरबाई म्हणाल्या आणि त्यांना भाकरी वाढली.

सहाव्या दिवशी मालकांना न सांगता त्या नगरपंचायतीत गेल्या.

"आजी, तवा भाची होती," स्वप्नाली म्हणाली. "महिन्यात नातं तुटलं?"

"मी खोटं बोलले. लिही, सात वर्षांची भाडेकरू. कुठं सही करू?"

स्वप्नालीने जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, शिक्का मारून एक प्रत दिली. मग रजिस्टर उघडलं. "घरं वाटून झाली, आजी. हरकतीची मुदत परवाच संपली. आता नाव प्रतीक्षा यादीत. सदतिसावं."

"म्हंजे कवा?"

"कुणी सोडलं तर."

महिनाअखेरीला दारात टेम्पो लागला. मनिषा दोन्ही पोरींना घेऊन युसूफ वडगावला भावाकडे निघाली होती. तिथे एकच खोली, म्हणून सत्यम गॅरेजवरच झोपणार होता. थोरलीची दहावी होती, तिची शाळा इथेच राहिली.

केशरबाईंनी कागद पुढे केला. मनिषाने तो उभ्याउभ्या वाचला, खालची सही पाहिली, पुन्हा वाचला.

"काका न्हवते?"

"न्हाई. मी."

"मी लई शिव्या घातल्या त्यांना, मावशी. मरायच्या."

"ऐकत होते मी," केशरबाई म्हणाल्या. "रोज."