शेवटच्या गल्लीचं पाणी

“उचल की कल्लप्पा! हात का आखडतोस?” रुद्रप्पानं ताट माझ्या पुढ्यात धरलं.

ताटात बेलाची पानं, वर चिमूट चिमूट भंडारा. वॉर्डातल्या आम्हा लिंगायतांच्या सव्वीस घरांचे कर्ते पुरुष देवळात बसलेले, आणि मधोमध उमेदवार ईश्वरप्पा हात जोडून. अक्कलकोटकडचा, माझ्याच गावचा. “नम्म मंदी,” तो कानडीत म्हणाला. आपली माणसं. संपलं भाषण.

मी विचारलं, “आमच्या गल्लीच्या पान्याचं काय?”

“अरे, आपला मानूस निवडून आल्यावर पान्याला काय तोटा?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि बेलभंडारा उचलला. मत ईश्वरप्पालाच. मान डोलावणारा नंदीबैल मेला मी!

पाण्यातलं मला कळत नव्हतं असं नाही हो. मी महापालिकेचा चावीवाला. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडायचे, गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, ही माझी नोकरी. अर्ध्या सोलापूरला पाणी पाजतो म्हणून ऐट, आणि आमची गल्ली टोकाची, तिथं बोटभर धार. बहात्तरच्या दुष्काळात तीही आटली. माझी बायको नीलम्मा वरच्या गल्लीतून घागरी वाहायची. एकदा घसरून पडली ती पडलीच, कंबर कायमची धरली. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही. नीलम्मा म्हणाली, “मग पानी काय डॉक्टर भरनार व्हय?”

ईश्वरप्पाच्या विरुद्ध मथुराबाई उभी होती. आमच्याच गल्लीत विड्या वळणारी विधवा. ना आमच्या जातीची, ना आमच्या भाषेची. देवळात ताट फिरल्यावर दोन दिवसांनी ती सकाळी माझ्याबरोबर फेरीला आली. प्रत्येक व्हॉल्व्हपाशी थांबून विचारायची, कुठला नळ, किती घरं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती उकिडवी बसली.

“कल्लप्पादादा, हितं नळ एक इंची. ईस घरांसाठी टाकल्याला. आता घरं ऐंशी झाली. दोन इंची टाकला तर टोकापतूर पानी जाईल का न्हाय?”

“जाईल की.”

“तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं. निवडून आले तर पयलं काम ह्येच. तुमाला मत मागत न्हाय मी. तुमी बेल उचललाय, ठावं हाय मला.”

मला लाज वाटली. वीस वर्षांत एक साहेब माझ्याबरोबर दहा पावलं चालला नव्हता.

मतदानाच्या दिवशी पडद्यामागं उभा राहिलो. कागदावर दोन चित्रं, मथुराबाईची शिडी आणि ईश्वरप्पाचा कंदील. शिक्का शिडीवर नेला. कोण बघणार होतं तिथं? पण उचललेला बेलभंडारा आठवला. शपथ मोडली आणि नीलम्मालाच काही झालं तर? आधीच तिची कंबर ती तशी. शिक्का कंदिलावर मारला आणि घाम पुसत बाहेर आलो.

घरी नीलम्मानं विचारलं, “कुनाला टाकलं?”

“आपल्या मानसाला.”

“म्हंजे मथुराबाईला न्हाय?” ती माझ्याकडं बघतच राहिली. “मी पडले तवा मला पाटकुळी घेऊन दवाखान्यात कुनी नेलं? ईश्वरप्पानं?”

तिनं शिडीवर शिक्का मारला होता. बायकांपुढं ताट कुणी धरलंच नव्हतं.

ईश्वरप्पा नऊ मतांनी आला. गुलाल उधळला, माझ्याही डोक्यावर पडला. आठ दिवसांनी चहाच्या टपरीवर रुद्रप्पा कानाशी लागून म्हणाला, “मी तर शिडीवरच मारला गा. माझं घर बी तुझ्याच गल्लीत की. देवाला कळतं सगळं.” ताट धरणारा हा! त्याच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. पण राग त्याचा आला होता का स्वतःचाच, ते मला आजही सांगता येत नाही.

दोन इंची नळ आला, वर्षाच्या आत आला. ईश्वरप्पाच्या गल्लीला. त्याचा व्हॉल्व्ह रोज मीच उघडतो.

परवा माझी सुट्टी नव्हती, तरी नीलम्माला उठवेना म्हणून फेरी उरकून तिची घागर घेऊन आमच्या नळावर गेलो. रांगेत सगळ्यात पुढं मथुराबाई होती. तिची कळशी धारेखाली, अजून बूडही भरलेलं नव्हतं.

“दादा, चावीचा एखादा आटा वाढवून सोडता येतंय का बघा की,” मागून कुणीतरी ओरडलं.

“सगळेच आटे सोडल्यात,” मी म्हणालो. “व्हॉल्व्ह पुरता उघडा हाय.”

“त्यांचा काय दोष? नळच एक इंची हाय,” मथुराबाई म्हणाली.

मला मान वर करवेना. तिनं आपली कळशी बाजूला सरकवली, माझ्या हातातून नीलम्माची घागर घेतली आणि धारेखाली लावली.