विसाव्याचा दगड

रूबेन मॉट मंगळवारी पहाटे गेला. हिवाळाभर छातीत कफ साठला होता, त्यामुळे घरात कुणाला धक्का बसला नाही. दुपारी ओबेड सुतार शवपेटीचं माप घ्यायला आला. माप घेऊन झाल्यावर रूबेनच्या बायकोसमोर टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"शुक्रवारसाठी गाडी सांगू का, झिला? मोठ्या रस्त्याने वळसा घालून न्यावं लागेल."

"गाडी कशाला? आपल्या वाटेने नेऊ."

"वाटेला कुलूप आहे, बाई."

ते झिलाला माहीत नव्हतं असं नाही. ऑल्डरवेलच्या खालच्या आळीतून टेकडीवरच्या चर्चला जायला दहा मिनिटं लागत. ही वाट हवेलीच्या जुन्या कमानीखालून शिरायची, बागेच्या दगडी भिंतीला धरून चढायची आणि चर्चच्या फाटकाशी निघायची. खालच्या आळीचा प्रत्येक मुडदा चारपाचशे वर्षं याच वाटेने गेला होता. अर्ध्या चढावर एक रुंद सपाट दगड होता. त्यावर पेटी ठेवून खांदेकरी विसावा घेत. पेट्या टेकवून टेकवून दगड मधोमध झिजला होता.

दोन वर्षांपूर्वी जुन्या घराण्याने हवेली विकली आणि शहरात बिअर गाळून मोठा झालेला प्रिंगल तिथे राहायला आला. वाट त्याच्या जेवणघराच्या खिडकीखालून जात होती. वसंतात त्याने कमानीत लोखंडी फाटक बसवलं. लोक कुरकुरले आणि दोन मैलांचा वळसा घालू लागले. दुसरं काय करणार? आळीतले निम्मे पुरुष त्याच्या बागेत नाहीतर तबेल्यात राबत, आणि राहायची घरंही त्याचीच.

संध्याकाळी एनॉक आला. रूबेनचा लहानपणापासूनचा सोबती, आता हवेलीच्या बागेत माळी. तो दारातच थांबला.

"मी खांदा देणार आहेच, झिला. पण त्या फाटकातून नको. बाकीचे पाचही हेच म्हणतायत. घरात आई अंथरुणाला खिळलीय, पोरं आहेत."

"मी तुला बोल लावत नाही, एनॉक."

"मग मोठ्या रस्त्याने न्यायचं ना?"

"नाही. त्या कमानीचे निम्मे दगड रूबेनने बसवलेत. कडाक्याच्या थंडीत वरचा भाग ढासळला, तेव्हा तीन महिने परांचीवर चढून बसला होता. तो तिच्याखालूनच जाईल."

एनॉक मान खाली घालून गेला. रूबेनची बहीण डॉर्कस चुलीपाशी बसली होती.

"पुरुष हवेत कशाला?" ती म्हणाली. "दर शनिवारी गुत्त्यावरून त्याला घरी कोण आणायचं? तू आणि मी. तेव्हा तर तो हातपायही झाडायचा."

मंगळवारपासून झिला पहिल्यांदा हसली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि डॉर्कसने तिला रडू दिलं.

गुरुवारी पाद्रीबाबा आले. त्यांचा पगार आणि चर्चचं नवं छप्पर दोन्ही प्रिंगलच्या मर्जीवर होतं, म्हणून ते जरा जास्तच गोड बोलत होते.

"मिस्टर प्रिंगल आपली स्वतःची गाडी देतायत. काळे घोडे जोडून. अशी अंत्ययात्रा आळीत कुणाची निघाली नसेल."

"आभारी आहे म्हणावं. पण रूबेन आणि घोड्यांचं कधी जमलं नाही."

"हट्ट करू नका, मिसेस मॉट. मृताला कसलं आलंय वाटेचं?"

"त्याला नसेल. मला आहे. तुम्ही अकरा वाजता चर्चच्या फाटकाशी उभे राहा, एवढंच करा."

शुक्रवारी सहा बायका पेटीखाली गेल्या. झिला, डॉर्कस, लोहाराची बायको केझाया, धुणं करणाऱ्या हॅडी बहिणी आणि आळीतल्या निम्म्या लोकांची नाळ कापलेली दाई, मिसेस टार्न. दाई सत्तरीची होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती काळी शाल घेऊन आली आणि डाव्या बाजूला उभी राहिली.

कमानीपाशी त्यांनी पेटी सोबत आणलेल्या दोन बाकांवर टेकवली. केझायाने बाह्या वर केल्या.

"फाटक माझ्याच नवऱ्याने घडवलंय. कुलपाला हातसुद्धा लावू नका. बिजागरीवरून उचललं की झालं."

चौघींनी फाटक उचललं आणि भिंतीला नीट टेकवून ठेवलं. काही मोडलं नाही, वाकलं नाही. पेटी पुन्हा खांद्यावर घेतली तेव्हा वरून हवेलीचा कारभारी कॅचपोल धावत येत होता.

"थांबा. ही खासगी जागा आहे."

"बाजूला व्हा, साहेब," झिला म्हणाली. "खांदे भरून आलेत."

तो बाजूला झाला. सहा बायका आणि एक प्रेत अंगावर येत असताना दुसरं काय करावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दगडावर आता संगमरवरी कुंडी होती, लाल फुलांनी भरलेली. "तिला हात लावू नका, इटलीहून आणलीय," कॅचपोल मागून ओरडला. बायकांनी पेटी गवतावर टेकवली, कुंडी उतरवून फुलाचं एक पानही न मोडता बाजूला ठेवली आणि रूबेनला दगडावर ठेवलं. एका प्रार्थनेपुरतं थांबायचा रिवाज होता. झिलाने तीन प्रार्थना म्हटल्या, सावकाश.

तिसरी संपायच्या आत प्रिंगल बाहेर आला. गळ्याला अजून न्याहारीचा रुमाल बांधलेला होता. खिडकीत पाहुणे उभे होते.

"मिसेस मॉट, तुम्ही माझ्या घरात राहता."

"होय."

"मग याचा विचार केलाच असेल."

"मंगळवारपासून सवड होती. केला."

त्याने भोवती पाहिलं. वाफ्यांमध्ये त्याचेच माळी टोप्या काढून उभे होते. त्याने कुणाला आवाज दिला नाही. दिला असता आणि कुणी हललं नसतं तर, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर झिलाला स्वच्छ दिसली.

शेवटच्या चढणीला दाईचे गुडघे लटपटू लागले. एनॉक वाफा ओलांडून पुढे आला.

"मागे हो," दाई धापा टाकत म्हणाली. "तुला या जगात मी आणलंय. तुझ्यापेक्षा जड ओझी उचललीत मी."

चर्चच्या फाटकाच्या छपराखाली पाद्रीबाबा झगा घालून उभे होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण पेटी दिसताच त्यांनी दफनाचे शब्द म्हणायला सुरुवात केली, आणि आवाज कापू दिला नाही.

प्रिंगल कोर्टात गेला. त्याच्या वकिलाने नकाशे मांडले. त्या वाटेने नेलेल्या त्रेचाळीस मृतांची नावं दाईने सांगितली, कुणाला काय झालं होतं त्यासकट. एकोणिसाव्या नावाला न्यायाधीशांनी पुरे म्हटलं, पण ती थांबली नाही. वाट खुली राहिली.

घर मात्र गेलं. सप्टेंबरात झिलाला नोटीस आली आणि ती आळीतल्या छोट्या प्रार्थनाघरामागच्या डॉर्कसच्या खोलीत राहायला गेली. वीस वर्षांचं सामान एका हातगाडीत मावलं. दाराबाहेर आल्यावर ती उंबऱ्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. डॉर्कसने विचारलं, "पस्तावतेस का?"

"घराचं वाईट वाटतंय," ती म्हणाली. "बाकी कशाचं नाही."

नोव्हेंबरात एनॉकची आई वारली. तिला सहा पुरुषांनी उचललं, सहाही हवेलीचे नोकर. कमानीखालून शिरताना त्यांची पावलं एकमेकांत अडखळू लागली, पेटी एका बाजूला कलली. मागून चालणारी झिला पुढे झाली आणि एनॉकच्या कोपराला हात लावून हळूच म्हणाली, "डावं आधी टाका. सगळ्यांनी मिळून."