विंगेतला नवरा

विंगेत स्टुलावर बसलेल्या मार्तंडने संहितेतल्या वाक्यावर बोट ठेवलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

रविवारी नागपूर केंद्रावर स्पर्धा, त्याआधीची ही रंगीत तालीम. नाटक विनोदी. विज्ञानाच्या सरांनी प्रजननाचा धडा लाजून गाळला आणि दहावीच्या वर्गात जो गोंधळ उडाला, त्याची गोष्ट. वर्गातली पोरं म्हणजे चाळिशीतले बँकवाले नि मास्तर, त्यामुळे तालमीला बोलावलेल्या पाहुण्यांची हसून पुरेवाट झाली होती. दोन वेण्या घातलेली चारुशीला, म्हणजे मार्तंडची बायको, बाकावर नायक झालेल्या रोशनशेजारी बसली होती. महिनाभर हिला रोशनकडे बघून लाजताना बघायचं, आणि अडली की तिची प्रेमाची वाक्यं आपणच पुरवायची! मार्तंडच्या अंगाची नुसती लाहीलाही व्हायची. घरी येताना गाडीवरही ती रोशनचंच कौतुक करायची.

आता ती अडली होती. तिने विंगेकडे पाहिलं. वाक्य साधंच होतं, 'सरांनी गाळलेला धडा तू वाचला का?' पडू दे एकदाचा रोशनचा प्रवेश, असं मनात म्हणत मार्तंड गप्प बसला.

रोशन उगाच खोकला. पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. मग चारुशीला हळूच बोलली.

"सातवीपासून तुझ्या मागच्या बाकावर बसून राहिली मी. तू वळून काहून पाहत नाही, कृष्णकांत?"

रोशनच्या पात्राचं नाव बबलू होतं. हॉल हशाने दणाणला, शिट्ट्या पडल्या. चारुशीला तेवढी हसत नव्हती.

पडदा पडताच मार्तंड तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"कृष्णकांत कोण वं?"

"सावनेरच्या शाळेत होता एक." ती वेणीची रिबन सोडत होती. "तुम्ही वाक्य काहून नाही सांगितलं?"

तेवढ्यात दिग्दर्शक दत्तोपंत धावतच आले.

"कमाल केली, बाई! हेच ठेवू. रविवारी असंच पाह्यजे, नावासकट. मार्तंड, लिहून घे गा. अन् ही अडली, तं नाव नीट सांगजो."

मार्तंडने पेन काढला, जुनं वाक्य खोडलं आणि लिहायला घेतलं. चारुशीला आरशात बघून कुंकू पुसत होती.

"सातवीपासून बारावीपर्यंत, असं लिहा," ती म्हणाली.

"नाटक तं दहावीचं आहे वं," दत्तोपंत हसले.

"तरी लिहा."