गुडघ्याखालची उशी

पांढऱ्या नळकांड्यात काळसर रेघा उतरू लागल्या होत्या... नळकांडं कसलं, पाण्याच्या बाटलीएवढं गाळणंच ते. नवऱ्याचं रक्त त्यातून फिरून, विषाणू मागे ठेवून परत त्याच्याच अंगात जायचं — डॉक्टरांनी असं सांगितलं होतं, आणि तिने फोनवर सासूबाईंना ते जरा फुलवूनच सांगितलं होतं. तेवढ्यात यंत्र कोकलायला लागलं.

नर्सने येऊन चादर दूर केली. "गुडघ्याखाली उशी कोणी ठेवली?"

"मी. त्यांना पाय दुमडून झोपायची सवय आहे, म्हणून..."

"अहो ताई, नळी जांघेत आहे. पाय वाकला की रक्त अडतं, गोठतं. सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. तिने मानही डोलावली होती. आता हे गाळणं गेलं, त्यात अडकलेलं रक्तही गेलं, आणि नवं लागेपर्यंत त्या विषाणूंना मोकळं रान... करायला गेले एक नि झालं भलतंच! तिला स्वतःचा संताप आला. पण चूक तिची एकटीचीच का? ताप अंगावर कोणी काढला? डॉक्टरकडे चला म्हणून ती मागे लागली, तर "तू राईचा पर्वत करतेस" म्हणून चपला घालून कामावर कोण गेलं? लग्नापासून हेच — ती घसा कोरडा करणार, आणि तो दारातून एक वाक्य फेकून चालता होणार.

"बोला त्यांच्याशी," नवं गाळणं जोडताना नर्स म्हणाली. आता आवाज मऊ होता. "शुद्ध नसली तरी ऐकू येतही असेल."

ती वाकली. काहीतरी गोड बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, "ऐकलंत का कधी माझं? मेला एवढा कसला हट्ट—"

तिने जीभ चावली. नर्स मान खाली घालून नळ्या तपासत राहिली. रक्त पुन्हा फिरू लागलं, आणि ती सवयीने थांबली, त्याच्या त्या एका वाक्यासाठी जागा ठेवून.

वाक्य आलं नाही. इतक्या वर्षांत भांडणातला शेवटचा शब्द पहिल्यांदाच तिचा झाला होता, आणि तो तिला नको होता, अजिबात नको होता... मग ती मुद्दाम काहीतरी साफ चुकीचं बोलू लागली, त्याला खोडून काढता येईल असं.