कोळंबीचा प्लग

माझी कोळंबी परदेशी जायची होती. आसपासच्या छोट्या बंदरांवरच्या बायकांनी सोलून दिलेला माल मी गोठवून घेतला आणि थंड कंटेनरमध्ये भरून या मोठ्या बंदरात आणला. यार्डात माझे सख्खे दीरच सुपरवायझर, म्हणून मी निर्धास्त.

आज कंटेनर जहाजावर चढायच्या आधी बघायला गेले, तर दाराखालून पाणी ठिबकतंय आणि विजेचा प्लग जमिनीवर लोळतोय! सॉकेटमध्ये भलतीच वायर. तिच्या मागोमाग चालत गेले, तर थेट नव्या धक्क्याच्या उद्घाटनाचा मंडप. माझ्या कोळंबीची वीज पाहुण्यांच्या एसीला!

दीर मंडपाच्या दारातच उभे होते. त्यांना हाताला धरून कंटेनरपाशी आणलं. "भावजी, हे काय?"

"वहिनी, वरून हुकूम होता. मंडप आधीपासून गार ठेवायचा होता. आणि कंटेनरचं दार बंदच होतं ना? दोन दिवसांत काय होतंय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे मंडपात बंदराचे मोठे साहेब माइकवरून सांगत होते की हे बंदर छोट्या व्यापाऱ्यांसाठीच बांधलंय.

मी सील तोडलं आणि दारं सताड उघडली. वारा समुद्राकडून मंडपाकडेच वाहत होता. पहिल्या रांगेतले रुमाल नाकाला लागले. साहेब वाक्य अर्धवट टाकून खोकू लागले.

भावजी पांढरेफटक पडले. "वहिनी, दार लावा! अब्रू जाईल माझी!"

"भाषणाचा अर्धाच तास उरलाय, भावजी," मी म्हटलं. "अर्ध्या तासात काय होतंय?"